अमेरिकेतल्या ‘पहिले हिंदू’, ‘पहिले मुस्लिम’ अशा बातम्या नीट कशा वाचाव्यात

आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीत निम्म्याअधिक घरांतलं कोणी ना कोणी अमेरिकेत आहे. कोणाची मुलगी एडिसनला, कोणाचा भाचा डॅलसला. त्यामुळे तिकडे कोणी निवडून आलं की इकडे व्हॉट्सअ‍ॅप गटावर लगेच चर्चा पेटते. फेब्रुवारी २०२५मध्ये काश पटेल यांनी एफबीआयचे संचालक म्हणून भगवद्गीतेवर हात ठेवून शपथ घेतली, तेव्हा गटावर अभिनंदनाचा पाऊस पडला. १ जानेवारी २०२६ला झोहरान ममदानी यांनी न्यूयॉर्कचे महापौर म्हणून कुराणावर हात ठेवून शपथ घेतली, तेव्हा त्याच गटावर प्रश्न आला, ‘हे कायद्यात बसतं का?’ विचारणारी माणसं सज्जन आहेत, मी त्यांना वर्षानुवर्षं ओळखते. पण आधीच्या शपथेच्या वेळी हा प्रश्न एकालाही पडला नव्हता, हे मला लागलं.

मी ठाण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवत होते. निवृत्तीनंतर शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही काही जण वर्तमानपत्रं आणि मोबाइल घेऊन बसतो. त्या बैठकीसाठी बातमी तपासायची ही पद्धत हळूहळू तयार झाली. तुमच्याकडे असा गट असेल, किंवा नातवंडांना नागरिकशास्त्र समजावून सांगायचं असेल, तर ती जशीच्या तशी वापरा. साहित्य म्हणजे एक वही आणि शांतपणे वाचायची तयारी.

मूळ कलम समोर ठेवा

बातमी वाचण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर दोन गोष्टी लिहून ठेवा. एक, १७८७ साली तयार झालेल्या अमेरिकी राज्यघटनेचं सहावं कलम. त्याच्या शेवटी स्पष्ट म्हटलं आहे की अमेरिकेच्या कोणत्याही पदासाठी धर्माची अट कधीही घालता येणार नाही. त्याच वाक्यात शपथ किंवा प्रतिज्ञा, दोन्हींची मुभा आहे. आपल्याकडे तिसऱ्या अनुसूचीत ‘ईश्वरसाक्ष शपथ’ आणि ‘गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा’ असे दोन पर्याय आहेत, तसंच. दोन, १७९१ साली लागू झालेली पहिली घटनादुरुस्ती: सरकारने कोणताही धर्म अधिकृत करायचा नाही आणि कोणालाही आपला धर्म पाळण्यापासून रोखायचं नाही.

इथवर बहुतेकांना माहीत असतं. घोटाळा होतो तो पुढे. ही बंधनं सुरुवातीला फक्त केंद्र सरकारवर होती, राज्यांवर नव्हती. न्यू हॅम्पशायरमध्ये प्रोटेस्टंट असण्याची अट १८७७पर्यंत टिकली. मेरीलँडमध्ये सरकारी पद घेणाऱ्याला आपण ख्रिस्ती आहोत असं जाहीर करावं लागे, म्हणजे तिथला ज्यू माणूस राज्याच्या विधिमंडळात बसू शकत नव्हता. ती अट निघाली १८२६ला, आणि त्यासाठी बरीच वर्षं झगडलेले आमदार टॉमस केनेडी स्वतः ज्यू नव्हते. या प्रश्नापायी १८२३ला त्यांना आपली जागा गमवावी लागली. ते पुन्हा उभे राहिले, निवडून आले आणि त्यांनी विधेयक मंजूर करून घेतलं. हा प्रसंग मी बैठकीत मुद्दाम सांगते, कारण आपल्या टेंभी नाक्याजवळचं सिनेगॉग १८७९पासून उभं आहे आणि मराठी बोलणारे बेने इस्रायली शेजारी ठाण्यातल्या जुन्या लोकांनी पाहिलेत. मेरीलँडचा ज्यू माणूस आपल्याला वाटतो तितका लांबचा नाही.

यानंतर वहीत दोन खटले टिपा. पहिला १९६१चा, टॉर्कॅसो विरुद्ध वॉटकिन्स. मेरीलँडमध्येच रॉय टॉर्कॅसो यांची नोटरी म्हणून नेमणूक झाली होती, पण देवावर विश्वास असल्याचं जाहीर करायला त्यांनी नकार दिला, म्हणून पद मिळालं नाही. नोटरी म्हणजे कागदावर शिक्का मारणारं साधं पद! त्या साध्या पदासाठी ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि सगळ्या न्यायमूर्तींनी एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला: राज्यांनाही अशी अट घालता येणार नाही. दुसरा १९७८चा, मॅक्डॅनियल विरुद्ध पॅटी. टेनेसीमध्ये धर्मोपदेशकांना विधिमंडळात बसायला बंदी होती, तीही रद्द झाली. या दोन खटल्यांत एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. एकाने देव मानत नसलेल्याचं रक्षण केलं आणि दुसऱ्याने पाद्र्याचं.

आता एक नेहमीचं फॉरवर्ड घ्या: ‘टेक्सासमध्ये नास्तिक माणूस निवडणूक लढवू शकत नाही.’ टेक्सासच्या राज्यघटनेत परमशक्तीचं अस्तित्व मान्य करण्याची अट अजून छापलेली आहे, आणि आणखी काही राज्यांतही तशी वाक्यं आहेत. पण १९६१नंतर त्यांची अंमलबजावणी करता येत नाही. म्हणून अशा प्रत्येक दाव्याला दोन वेगळे प्रश्न विचारा. मजकूर आहे का? आणि तो आज लागू होतो का? एकाचं उत्तर दुसऱ्याला लावू नका.

शपथेचा फोटो

फोटो सर्वांत जास्त फिरतो आणि सर्वांत जास्त फसवतो. अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे, म्हणजे तिथल्या संसदेच्या (काँग्रेसच्या) कनिष्ठ सभागृहाचे, सदस्य सभागृहात सगळे मिळून उजवा हात वर करून शपथ घेतात आणि अधिकृत शपथ तीच. तिथे ग्रंथाची सक्ती नाही. नंतर सभागृहाच्या अध्यक्षांबरोबर कुटुंबासह फोटो काढला जातो, त्यात सदस्य आपल्या आवडीचा ग्रंथ घेऊन उभे राहतात. आपल्या मोबाइलवर येतो तो बहुधा हा दुसरा फोटो.

२००६ला मिनेसोटातून निवडून आलेले कीथ एलिसन हे काँग्रेसमधले पहिले मुस्लिम सदस्य. ते कुराण हातात घेणार म्हटल्यावर गदारोळ झाला. व्हर्जिनियाचे तेव्हाचे काँग्रेस सदस्य व्हर्जिल गूड यांनी तर मतदारांना पत्र लिहून इशारा दिला की स्थलांतराचे कायदे कडक केले नाहीत तर आणखी मुस्लिम निवडून येतील. एलिसन यांचा जन्म डेट्रॉईटचा, स्थलांतराचा इथे संबंधच नव्हता. जानेवारी २००७मध्ये एलिसन यांनी लायब्ररी ऑफ काँग्रेसमधून कुराणाची एक जुनी प्रत मागवली. १७६४ साली लंडनमध्ये छापलेलं ते इंग्रजी भाषांतर अमेरिकेचे एके काळचे राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफरसन यांच्या खासगी संग्रहातलं होतं, आणि जेफरसन गूड यांच्याच व्हर्जिनियाचे. इतकं नेमकं उत्तर मी राजकारणात क्वचित पाहिलं आहे.

तुलसी गॅबर्ड २०१२ला हवाईमधून निवडून आल्या, काँग्रेसमधल्या पहिल्या हिंदू सदस्य. त्यांनी गीतेसह शपथ घेतली. थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०१ला राष्ट्राध्यक्षपदाची शपथ बायबलशिवाय घेतली होती. फ्रँकलिन पिअर्स यांनी १८५३ला शपथ न घेता प्रतिज्ञा केली. हे सगळं एकाच नियमाखाली चालतं. गटावर कोणी ‘बायबल सक्तीचं आहे’ किंवा ‘आता गीतेला कायदेशीर मान्यता मिळाली’ असं लिहिलं तर दोन्ही वाक्यं सारखीच चुकीची आहेत, आणि तेवढं तुम्ही शांतपणे सांगू शकता.

शपथेपेक्षा महत्त्वाची पण कमी फिरलेली बातमी २०१९ची आहे. प्रतिनिधिगृहात डोकं झाकायला १८३७पासून बंदी होती. २०१८ला इल्हान ओमर आणि रशिदा तलैब या पहिल्या दोन मुस्लिम महिला निवडून आल्या. ओमर हिजाब घालतात. जानेवारी २०१९मध्ये सभागृहाने नियम बदलून धार्मिक कारणासाठी डोकं झाकायची परवानगी दिली. हा बदल ज्यूंच्या किप्पा टोपीलाही लागू आहे आणि शिखांच्या पगडीलाही. एका व्यक्तीमुळे नियम बदलला तर तो आणखी कोणासाठी बदलला, हे वहीत नक्की लिहा.

मूळ आणि धर्म वेगळे लिहा

वहीत दोन रकाने आखा: कुटुंब कुठून आलं, आणि व्यक्ती स्वतः आपला धर्म कोणता सांगते. मग भरायला लागा. बॉबी जिंदल: पंजाबी हिंदू कुटुंब, स्वतः कॅथलिक. निकी हेली: शीख कुटुंब, स्वतः ख्रिस्ती. कमला हॅरिस: आई तमिळ, स्वतः बॅप्टिस्ट (एक ख्रिस्ती पंथ). तुलसी गॅबर्ड: हिंदू, पण भारतीय वंशाच्या नाहीत, जन्म अमेरिकन समोआचा. अमी बेरा: गुजराती कुटुंब, स्वतःला युनिटेरियन (एक उदारमतवादी पंथ) म्हणवतात. प्रमिला जयपाल: जन्म चेन्नईचा, धर्माबद्दल जाहीरपणे सांगत नाहीत. शेवटचं नाव आलं की बैठकीत कोणीतरी म्हणतंच, ‘पण मूळच्या कोण?’ त्यांनी सांगितलेलं नाही, तर तो रकाना रिकामा ठेवा. आडनावावरून तो भरायचा हक्क आपल्याला नाही. धर्मस्वातंत्र्यात धर्म न सांगण्याचं स्वातंत्र्यही येतंच.

‘पहिले’ हा शब्द आला की लगेच विचारा, कशात पहिले? नेमलेले की निवडून आलेले, राज्यात की देशात, काँग्रेसमध्ये की महापौरपदी? ममदानी न्यूयॉर्कचे पहिले मुस्लिम महापौर आहेत, अमेरिकेतल्या कुठल्याही शहराचे पहिले नव्हेत. २००६ला, एलिसन निवडून आले त्याच वर्षी, मेझी हिरोनो आणि हँक जॉन्सन हे पहिले दोन बौद्ध सदस्यही काँग्रेसमध्ये आले. त्यांच्यावरून कोणी आरडाओरडा केला नाही, म्हणून ते आपल्याला आठवत नाहीत.

कोणाच्या मतांवर?

या भागाला बैठकीत सर्वांत जास्त वेळ द्या. दलिपसिंग सौंद यांचा जन्म १८९९चा, पंजाबातला. ते शिकायला कॅलिफोर्नियात गेले आणि गणितात पीएच.डी. केली. पण १९२३ला अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात ठरवलं की भारतीय माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून नागरिकत्वाला पात्र नाही. एवढं शिकूनही सौंद नागरिक होऊ शकले नाहीत आणि शेती करत राहिले. १९४६ला कायदा बदलला, १९४९ला ते नागरिक झाले आणि १९५६ला काँग्रेसवर निवडून आले. काँग्रेसमधले ते पहिले शीख आणि पहिले आशियाई वंशाचे सदस्य. ज्या मतदारसंघाने त्यांना निवडून दिलं, तिथे भारतीयांची मतं मोजकीच होती.

श्री ठाणेदार यांचं नाव आपल्या लोकांना जवळचं. चिकोडीत जन्म, बेळगावात बालपण, १९७९ला अमेरिकेत, आणि २०२२ला मिशिगनमधून काँग्रेसवर. त्यांच्या मतदारसंघात डेट्रॉईटचा मोठा भाग येतो. तिथल्या मतदारांत कृष्णवर्णीय फार मोठ्या संख्येने आहेत, मराठी माणसं नव्हेत. ‘आपला माणूस निवडून आला’ हे वाक्य खरं आहे, पण त्याला निवडून दिलं ते दुसऱ्यांच्या माणसांनी. अमेरिकेत राखीव जागा नाहीत. अल्पसंख्य धर्माच्या उमेदवाराला जवळपास नेहमीच इतरांच्या दारावर जाऊन मत मागावं लागतं आणि रस्ते, शाळा, दवाखान्यांवर बोलावं लागतं. ‘पहिले हिंदू’ म्हणून आनंद करताना त्यांच्या बिगरहिंदू मतदारांची आठवण ठेवा. त्यांनी धर्म बाजूला ठेवला नसता तर ही बातमीच झाली नसती.

आकडेही इथेच पाहा. प्यू रिसर्च सेंटर ही अमेरिकी संशोधन संस्था दर नव्या काँग्रेसच्या सुरुवातीला सदस्यांच्या धर्मांची मोजणी करतं. जानेवारी २०२५मध्ये सुरू झालेल्या ११९व्या काँग्रेसमध्ये सुमारे ८७ टक्के सदस्य ख्रिस्ती होते, तर प्रौढ लोकसंख्येत ख्रिस्ती सुमारे ६२ टक्के. ज्यू सदस्य ३२, हिंदू ४, मुस्लिम ४, बौद्ध ३. आमच्या बैठकीत सगळे ४ या आकड्यावर थांबतात. तुम्ही खाली वाचत जा. कुठलाच धर्म न मानणारे किंवा कुठल्याही धर्माशी स्वतःला न जोडणारे अमेरिकी प्रौढ सुमारे २९ टक्के आहेत आणि काँग्रेसमध्ये तसे उघडपणे सांगणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. प्रतिनिधित्वाची सर्वांत मोठी दरी तिथे आहे, आणि त्यावर एकही फॉरवर्ड येत नाही.

कायदा काय रोखतो, काय रोखत नाही

सहावं कलम सरकारला बांधतं, मतदाराला नाही. मतदाराने मनात ठेवलेली अट कुठलंही न्यायालय काढू शकत नाही. न्यूयॉर्कचे गव्हर्नर अल स्मिथ १९२८ला राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले, तेव्हा ते कॅथलिक आहेत म्हणून प्रचंड अपप्रचार झाला. ते हरले. त्यामागे इतर कारणंही होती, पण धर्म हे एक होतंच. १९६०ला जॉन केनेडी ह्यूस्टनमध्ये प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांसमोर जाऊन बोलले: मी कॅथलिकांचा उमेदवार नाही, मी डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार आहे आणि कॅथलिकही आहे. ते थोडक्या मतांनी जिंकले. आमच्या बैठकीत चरईच्या एक ईस्ट इंडियन कॅथलिक बाई येतात. त्यांच्या आजोबांच्या घरी केनेडींची तसबीर होती, असं त्या सांगतात. कोण कुठला राष्ट्राध्यक्ष, पण ठाण्यातल्या एका घराला त्याच्या विजयाचा अर्थ नेमका कळला होता.

इथे आपला कायदा वेगळा आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३)नुसार धर्माच्या आधारे मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे. २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने त्याचा व्यापक अर्थ लावला. मतदाराच्या धर्माच्या नावानेही मत मागता येणार नाही, असं चार विरुद्ध तीन अशा बहुमताने ठरलं, आणि ते प्रकरण सुरू झालं होतं आपल्या सांताक्रूझच्या १९९०च्या निवडणुकीतून. अमेरिकेत असा कायदा नाही. तिथे उमेदवार चर्चमध्ये भाषण करतो, मंदिरातही जातो. त्यामुळे तिकडची प्रचाराची चित्रफीत पाहून ‘हे बेकायदा आहे’ म्हणू नका आणि इकडची पाहून ‘अमेरिकेत चालतं’ म्हणू नका.

अवघड उदाहरण टाळू नका. २०१७ला अपील न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी एमी कोनी बॅरेट यांची सिनेट समितीपुढे सुनावणी झाली. त्या श्रद्धाळू कॅथलिक आहेत. सिनेटर डायान फाइनस्टाइन यांनी त्यांच्या धर्मनिष्ठेबद्दल उघड चिंता व्यक्त केली. ‘तुमची श्रद्धा निकालाच्या आड येईल का?’ हा प्रश्न रास्त की मागच्या दाराने आलेली धर्माची अट? माझं मत मी बैठकीत स्पष्ट सांगते. न्यायाधीश कायदा कसा लावणार हे जरूर विचारावं, त्यांची श्रद्धा किती खोल आहे हे विचारू नये. तुमचं मत वेगळं असू शकतं, पण ते ठरवण्याआधी पुढची पायरी करा.

नाव बदलून वाचा

बातमी वा फॉरवर्ड कागदावर लिहून घ्या. त्यातल्या धर्माचं नाव खोडा आणि दुसऱ्या धर्माचं लिहा. ग्रंथाचं नाव, प्रार्थनास्थळाचं नाव, सगळं बदला. मग मोठ्याने वाचा. २०१९च्या जानेवारीत टेक्सासच्या टॅरंट काउंटीत रिपब्लिकन पक्षाच्या काही सदस्यांनी आपल्याच स्थानिक शाखेच्या उपाध्यक्षांना, ते मुस्लिम आहेत म्हणून, पदावरून काढण्याचा ठराव आणला. पक्षाच्याच लोकांनी तो १३९ विरुद्ध ४९ मतांनी फेटाळला. आता मुस्लिमच्या जागी हिंदू लिहून वाचा. ४९ हा आकडा कसा वाटतो? तसंच ममदानींच्या बातमीत कुराणाच्या जागी गीता घाला, पटेलांच्या बातमीत गीतेच्या जागी कुराण. तुमचं मत बदललं तर ते नियमाबद्दलचं मत नव्हतं.

ही पायरी करताना कोणावर बोट रोखू नका. प्रत्येकाने आपापला कागद स्वतः वाचावा, इतरांनी त्यावर टिप्पणी करू नये. हा एक नियम आम्ही काटेकोर पाळतो, म्हणून बैठक टिकली आहे. उमेदवाराच्या धोरणांवर हवी तेवढी टीका करा. ममदानींची घरभाड्याची धोरणं पटत नसतील तर तसं म्हणा, पटेलांची कारभाराची पद्धत पटत नसेल तर तसं म्हणा. फक्त वाक्यात धर्म आला की पुन्हा नाव बदलून बघा.

मुलांशी बोलताना

वॉशिंग्टनच्या बातम्या मोठ्या दिसतात, पण रोजच्या जगण्याला लागणारे निर्णय गावपातळीवर होतात. मुलांच्या शाळेला दिवाळीची सुट्टी द्यायची का, हे बहुतेक ठिकाणी निवडून आलेलं स्थानिक शिक्षण मंडळ ठरवतं. न्यूयॉर्क शहरात मात्र त्यासाठी २०२३ला राज्याचा कायदा झाला. न्यू जर्सीच्या होबोकेनमध्ये २०१७ला रवी भल्ला महापौर म्हणून निवडून आले. निवडणुकीच्या आधी त्यांना दहशतवादाशी जोडणारी पत्रकं वाटली गेली होती, तरी गावाने पगडीधारी शीख महापौर निवडला.

तेव्हा पुढच्या व्हिडिओ कॉलवर मुलाला किंवा मुलीला विचारा, तुमच्या गावात शिक्षण मंडळाची निवडणूक कधी असते, उभे कोण आहेत, तू मतदार म्हणून नाव नोंदवलंस का? नोंदणीची मुदत प्रत्येक राज्यात वेगळी आहे, न्यू जर्सीत मतदानाच्या २१ दिवस आधीपर्यंत. आणि एक काळजी नक्की घ्यायला सांगा. एच-वन-बी व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असलेल्यांनी मतदार नोंदणीचा फॉर्म भरू नये, वाहन परवान्याच्या कार्यालयात कोणी पुढे केला तरीही. नागरिक नसताना नोंदणी किंवा मतदान केलं तर देश सोडायची वेळ येऊ शकते. नागरिकत्व मिळालं असेल तर मात्र कंटाळा करू नये. स्थानिक निवडणुकीत मतदान कमी होतं, आणि थोडक्या मतांनी मंडळं बदलतात.